दहा ओळींची ओळख : शेअरवेअर संग्रहांतील वर्णन-फाइलींचा इतिहास

वैयक्तिक संगणक मध्यमवर्गीय घरांत शिरू लागले होते, पण इंटरनेट मात्र विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी आस्थापना यांच्यापुरतेच होते, अशा मधल्या काळात अमेरिकेतील हौशी संगणकधारकांनी परस्परांशी जोडले जाण्याचे एक स्वतंत्र साधन उभे केले, ते म्हणजे ‘बुलेटिन बोर्ड सिस्टिम’ किंवा बीबीएस. एखाद्याच्या घरातील वा छोट्या कार्यालयातील संगणक मोडेमद्वारे दूरध्वनीच्या तारेला जोडलेला असे. बाहेरचा माणूस आपल्या मोडेमवरून तो क्रमांक फिरवी, निरोप वाचे, निरोप ठेवी आणि फाइली उतरवून घेई किंवा चढवी. वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी सूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत सुरू केलेला ‘सीबीबीएस’ हा या प्रकारचा पहिला सार्वजनिक फलक मानला जातो. पुढच्या पंधरा वर्षांत अशा फलकांचे जाळे अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेर दाट होत गेले, आणि त्यांच्या आकर्षणाचा मोठा भाग निरोपांपेक्षा फाइलींच्या साठ्यात होता. हा साठा प्रामुख्याने ‘शेअरवेअर’ या विक्रीपद्धतीने भरला होता, आणि त्या साठ्यातील प्रत्येक वस्तू म्हणजे नेमके काय, हे वाचकाला कसे कळावे, या साध्या प्रश्नातून वर्णन-फाइलींची प्रथा जन्मली.

शेअरवेअर म्हणजे लेखकाने मालकी हक्क आपल्याकडे ठेवून, पण प्रत काढण्यास व वाटण्यास मोकळीक देऊन प्रसृत केलेला संगणक-कार्यक्रम. वापरून पाहावा, उपयोगी वाटला तर लेखकाला ठरलेली रक्कम पाठवावी, अशी त्याची अट असे. १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ हा संपर्ककार्यक्रम आणि जिम नॉफ यांनी, जिम बटन या नावाने, ‘पीसी-फाइल’ हा माहितीसाठा सांभाळणारा कार्यक्रम याच तत्त्वावर वाटायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांचा ‘पीसी-राइट’ हा लेखनकार्यक्रम त्याच वाटेने आला. या लेखकांकडे दुकाने नव्हती, जाहिरातीचा पैसा नव्हता आणि आकर्षक खोकी छापण्याची सोयही नव्हती. दुकानातील कार्यक्रमाच्या खोक्यावर त्याचे नाव, आवृत्ती, लागणारी स्मृती, उपयोग हे सारे छापलेले असे. शेअरवेअरला मात्र खोकेच नव्हते. तो अनोळखी माणसांच्या हातून अनोळखी माणसांकडे जाई, आणि या प्रवासात त्याच्याबरोबर जे काही जाई तेवढेच लेखकाचे म्हणणे वाचकापर्यंत पोहोचे.

प्रवासाचे वाहन होते संग्रह-फाइल. एका कार्यक्रमाच्या अनेक फाइली एकत्र बांधून, त्यांतील पुनरुक्ती काढून, त्यांचा आकार घटवणारी ही तंत्रे मोडेमच्या संथपणामुळे अपरिहार्य ठरली होती. २४०० बिट प्रति सेकंद या वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला जेमतेम २४० अक्षरे येत, म्हणजे ३०० किलोबाइटची फाइल उतरवायला २० मिनिटांहून अधिक काळ लागे. दूरच्या शहरातील फलक असेल तर त्या प्रत्येक मिनिटाचे दूरध्वनीचे बिल वेगळे. १९८५ मध्ये आलेल्या ‘आर्क’ या संग्रह-प्रकाराने फलकांवर प्रथम जम बसवला. त्याच्या मालक कंपनीशी झालेल्या न्यायालयीन वादानंतर मिल्वॉकीच्या फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये ‘झिप’ हा नवा प्रकार आणला आणि त्याची अंतर्गत रचना सर्वांना वापरता यावी म्हणून प्रसिद्ध केली. ‘झिप’ने फलकांवरची जागा वेगाने घेतली, तरी ‘एआरजे’, ‘एलएचए’ हे इतर प्रकारही चालत राहिले. एकच प्रकार सर्वत्र नव्हता, ही गोष्ट वर्णन-फाइलींच्या इतिहासात महत्त्वाची ठरते.

एमएस-डॉस या त्या काळच्या प्रचलित कार्यप्रणालीत फाइलच्या नावाला आठ अक्षरे आणि शेपटाला तीन अक्षरे एवढीच जागा होती. त्यामुळे कार्यक्रमाचे नाव आणि आवृत्ती दोन्ही आठ अक्षरांत कोंबण्याची एक सांकेतिक लिपीच तयार झाली. कॅट्झ यांच्या कार्यक्रमाची फेब्रुवारी १९९३ मधील प्रसिद्ध आवृत्ती ‘पीकेझेड२०४जी’ या नावाने फिरली, आणि जाणकाराला त्यात कंपनी, कार्यक्रम व २.०४जी हा आवृत्तीक्रमांक हे सारे एका नजरेत दिसे. परंतु नवख्याला, किंवा फारसा प्रसिद्ध नसलेल्या कार्यक्रमाच्या बाबतीत जाणकारालाही, अशा नावातून काहीच कळत नसे. म्हणून प्रत्येक फलकावर फाइलींची एक यादी असे आणि तीत नावापुढे आकार, तारीख व एका-दोन ओळींचे वर्णन लिहिलेले असे. वाचक पैसे व वेळ खर्च करण्याआधी जे वाचून निर्णय घेई, ते हेच वर्णन.

हे वर्णन लिहिण्याचे काम सुरुवातीला फाइल चढवणाऱ्यावर होते, आणि तेथेच सारी अडचण होती. फाइल पूर्ण चढली की फलकाचा संगणक त्या माणसाला वर्णन विचारी. तोवर तो कंटाळलेला असे, कधी त्याने स्वतः तो कार्यक्रम उघडूनही पाहिलेला नसे, आणि अनेक फलकांवर उतरवण्याचा हक्क चढवलेल्या फाइलींच्या प्रमाणात मिळत असल्यामुळे त्याचे लक्ष आपला कोटा भरण्याकडे असे. परिणामी ‘छान खेळ’, ‘उपयुक्त साधन’, ‘नवी आवृत्ती’ असल्या वर्णनांनी याद्या भरून जात. एकच संग्रह दहा फलकांवर दहा निरनिराळ्या वर्णनांनी दिसे, आणि त्यांतील काही सरळ चुकीची असत. ही वर्णने दुरुस्त करण्याचे काम फलकाच्या चालकावर, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘सिसॉप’वर, पडे. बहुतेक सिसॉप हे काम नोकरी सांभाळून, रात्री, स्वखर्चाने करीत. हजारो फाइली असलेल्या फलकावर प्रत्येक नवा संग्रह उघडून, त्यातील माहितीपत्रक वाचून, त्याचे दोन ओळींत सार काढणे हे किती जिकिरीचे असे, याची कल्पना करणे आज अवघड आहे.

या अडचणीवर निरनिराळे उपाय आधीच शोधले गेले होते, आणि त्यांतील बहुतेकांत वर्णन वस्तूच्या बाहेर राहिले होते. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील ‘पीसी-सिग’सारख्या फ्लॉपी वितरकांनी क्रमांकित तबकड्यांच्या छापील सूच्या काढल्या, त्यांतील वर्णने नेटकी असत, पण ती वितरकाने लिहिलेली आणि कागदावर राहणारी होती. ‘फायडोनेट’ या फलकांच्या जाळ्याच्या परंपरेत ‘फाइल्स.बीबीएस’ या नावाची साधी मजकूर-फाइल त्या-त्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत होती. ‘४डॉस’ या कार्यक्रमाने प्रत्येक कप्प्यात ‘डिस्क्रिप्ट.आयॉन’ नावाची वर्णनफाइल ठेवण्याची सोय केली. पण अशी फाइल कप्प्याची असते, वस्तूची नसते; संग्रह मोडेमवरून दुसऱ्या संगणकावर गेला की त्याचे वर्णन मागेच राही. ‘झिप’मध्ये संग्रहाच्या शेवटी एक टिप्पणी जोडण्याची जागा होती आणि ती संग्रहाबरोबर फिरेही, मात्र ती जागा एका विशिष्ट संग्रह-प्रकाराची होती, आणि ‘झिप’चा ‘एआरजे’ किंवा ‘झिप’चा ‘एलएचए’ करून ठेवण्याची सवय असलेल्या सिसॉपांच्या हाती ती सहज गळून पडे. शिवाय अनेक फलकांनी त्या जागेचा ताबा आपल्या नावाच्या व दूरध्वनी क्रमांकाच्या जाहिरातीसाठी घेतला होता.

१९९०च्या दशकाच्या आरंभी यातून जो उपाय पुढे आला, त्याची कल्पना आज अगदी सोपी वाटते: वर्णन हीच संग्रहातील आणखी एक फाइल करावी, तिला सर्वत्र एकच ठरलेले नाव द्यावे, आणि ती मुळात लेखकानेच लिहावी. उटाह राज्यातील ‘क्लार्क डेव्हलपमेंट’ ही कंपनी १९८३ पासून ‘पीसीबोर्ड’ हे फलक चालवण्याचे व्यावसायिक सॉफ्टवेअर विकत होती आणि मोठ्या, अनेक दूरध्वनी-वाहिन्यांच्या फलकांत त्याला मान होता. या कंपनीतील मायकेल लेव्हिट यांनी ‘पीसीबीडिस्क्राइब’ हा छोटा कार्यक्रम लिहिला. नवा संग्रह चढला की हा कार्यक्रम त्यात ‘फाइल_आयडी.डिझ’ या नावाची फाइल आहे का ते पाही, असल्यास ती बाहेर काढी आणि तिच्यातील मजकूर फलकाच्या यादीत बसवी. ‘डिझ’ हे शेपूट ‘झिप फाइलमधील वर्णन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे बनले होते, पण ती फाइल कोणत्याही प्रकारच्या संग्रहात तितकीच चाले. ‘झिप’चा ‘एआरजे’ झाला तरी इतर फाइलींबरोबर तीही नव्या संग्रहात जाई. टिप्पणीच्या जागेला जे जमले नव्हते, ते एका साध्या फाइलला जमले, आणि या प्रथेच्या टिकावाचे तांत्रिक मर्म येथेच आहे.

त्या काळच्या लहान संगणकांवर हे शक्य झाले, याला संग्रह-फाइलीची रचनाही कारणीभूत होती. ‘झिप’मध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आवळलेली असते आणि संग्रहाच्या अखेरीस सर्व फाइलींची नावे, आकार, तारखा व त्यांची संग्रहातील स्थाने यांची एक मध्यवर्ती सूची असते. त्यामुळे दोन मेगाबाइटच्या संग्रहातून चारशे-पाचशे अक्षरांची एकच फाइल काढायची झाली, तर बाकीचा संग्रह उलगडावा लागत नाही. दूरध्वनीवरचा माणूस अजून जोडलेला असतानाच फलकाचा संगणक वर्णन काढून घेऊ शके, आणि वर्णन सापडले तर त्या माणसाला प्रश्न विचारण्याची गरजच उरत नसे.

या फाइलीचे नियम तपशिलाने लिहून काढले गेले, आणि त्यांच्या १.९ या आवृत्तीने सांगितलेली मर्यादा रूढ झाली: जास्तीत जास्त १० ओळी, प्रत्येक ओळ जास्तीत जास्त ४५ अक्षरांची. ४५ हा आकडा मनाला येईल तसा निवडलेला नव्हता. त्या काळचा पडदा ८० अक्षरे रुंद होता. ‘पीसीबोर्ड’च्या यादीत फाइलचे नाव, आकार व तारीख यांना मधल्या मोकळ्या जागांसह सुमारे ३३ अक्षरांची जागा लागे, आणि उरलेल्या पट्टीत वर्णन बसे. एका विशिष्ट कंपनीच्या पडद्याची मोजपट्टी अशा रीतीने साऱ्या जगातील लेखकांच्या गद्याची मोजपट्टी झाली. मजकूर केवळ साध्या अक्षरांचा असावा, चौकटी व चित्रे काढण्यासाठी संगणकात असलेली विशेष चिन्हे वापरू नयेत, जाहिरातीचा मजकूर घालू नये, असेही बजावलेले होते. कार्यक्रमाचे नाव मोठ्या लिपीत सर्वांत आधी, त्यापाठोपाठ आवृत्तीक्रमांक आणि मग वर्णन, असा क्रम सुचवला गेला. काही फलक पहिल्या एक-दोन ओळीच दाखवीत, म्हणून महत्त्वाचे सारे आरंभीच सांगावे अशी अपेक्षा होती. कार्यक्रम अनेक संग्रहांत विभागलेला असेल तर तीनपैकी पहिला, तीनपैकी दुसरा असा क्रमांक चौकटी कंसात लिहिला जाई.

फार थोड्या जागेत, अनोळखी वाचकासाठी, खरे आणि उपयोगी तेवढेच लिहिण्याची ही शिस्त होती, आणि तिचा विचार केवळ तांत्रिक नियम म्हणून करणे अपुरे ठरेल. सुमारे साडेचारशे अक्षरांत कार्यक्रम काय करतो, कशावर चालतो, किती स्मृती मागतो, आधीच्या आवृत्तीत काय नव्हते आणि तो शेअरवेअर आहे की पूर्णपणे विनामूल्य, हे सांगायचे असे. वर्षानुवर्षे कार्यक्रम लिहिणाऱ्या आणि स्वतःच्या कामाविषयी लांबलचक माहितीपत्रके लिहिणाऱ्या माणसांना आपल्या कामाचे सार प्रथमच इतक्या काटकसरीने मांडावे लागले. जी वर्णन-फाइल चांगली आहे ती वाचताना आजही जाणवते की लेखकाने वाचकाच्या बाजूने विचार केला आहे.

प्रथा पसरली ती मात्र गुणवत्तेच्या बळावर आपोआप नव्हे. शेअरवेअर लेखकांची ‘असोसिएशन ऑफ शेअरवेअर प्रोफेशनल्स’ ही संघटना १९८७ मध्ये स्थापन झाली होती; तिने आपल्या सदस्यांना प्रत्येक संग्रहात ही फाइल घालण्याचा आग्रह धरला आणि वर्णनात संघटनेच्या सदस्यत्वाची खूणही रूढ केली. दुसऱ्या बाजूला लेव्हिट यांनी फाइलीचे नियम आणि ‘पीसीबीडिस्क्राइब’ची मूळ संहिता सार्वजनिक मालकीत देऊन टाकली आणि इतर फलक-सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही, म्हणजे व्यवहारात प्रतिस्पर्ध्यांना, ती उचलण्याचे आवाहन केले. ‘क्लार्क’ने ही सोय केवळ आपल्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवली असती तर लेखकांना ती फाइल लिहिण्याचे फारसे कारण उरले नसते, कारण त्यांचा संग्रह कोणत्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या फलकावर जाईल हे त्यांच्या हाती नव्हते. लेखकाला आपल्या शब्दांत ओळख करून देण्याची संधी मिळाली, सिसॉपच्या रात्री वाचल्या, वाचकाला विश्वासार्ह यादी मिळाली. सक्ती करणारी कोणतीही सत्ता नसताना एक प्रमाण स्थिर झाले, त्यामागे हितसंबंधांची ही जुळणी होती. तिच्याच जोडीला संग्रहात इतर ठरावीक फाइलीही दिसू लागल्या: आधी वाचावयाचे निवेदन, मागणीपत्र, वितरकांसाठी अटींचे पत्रक, आणि पुढे वितरणाच्या परवानग्या यंत्राला वाचता याव्यात म्हणून ‘व्हेंडइन्फो.डिझ’.

वर्णन संग्रहाच्या आत गेले, तेव्हा ते कोणाचे, हा वाद मात्र सुटला नाही. उलट त्याला नवे रूप आले. चढवलेल्या फाइलींवर प्रक्रिया करणारे स्वतंत्र कार्यक्रम निघाले. ‘पीसीबोर्ड’साठी लिहिलेला ‘डिझ/२-पीसीबी’ हा त्यांपैकी एक. तो संग्रह उलगडून त्याची तपासणी करी, वर्णन बाहेर काढी आणि सिसॉपला हव्या त्या स्वरूपात मांडी. याच टप्प्यावर अनेक फलक संग्रहात स्वतःची जाहिरात-फाइल घालीत किंवा लेखकाच्या वर्णनाखाली ‘अमुक फलकावरून आले’ अशी ओळ जोडीत. पाच फलकांतून फिरलेल्या संग्रहात पाच जाहिराती साचत, आणि सहाव्या फलकाचा कार्यक्रम त्या काढून सहावी घाली. शेअरवेअरची वितरणाची अट साधारणपणे अशी असे की संग्रह जसा आहे तसा, पूर्ण, बदल न करता पुढे द्यावा. त्यामुळे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हता. ज्या लेखकाचे उत्पन्न संग्रह अखंड पोहोचण्यावर अवलंबून होते, त्याच्या दृष्टीने संग्रह उघडून पुन्हा बांधणारा प्रत्येक हात धोक्याचा होता. कॅट्झ यांच्या कार्यक्रमात संग्रह मूळ निर्मात्याचाच असल्याची खूण घालण्याची सोय होती, आणि संग्रहाला कोणी हात लावला तर ती खूण टिकत नसे. पण जाहिरात घालणाऱ्या फलकांना तिने फारसे रोखले नाही.

आतल्या वर्णनाची आणखी एक मर्यादा होती. ते लेखकाचे म्हणणे होते, आणि लेखक कोण याची खात्री ते देऊ शकत नव्हते. १९९५ मध्ये ‘पीकेझेड३००बी’ या नावाने फिरलेला संग्रह कॅट्झ यांच्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती असल्याचे भासवी, प्रत्यक्षात मात्र तो तबकडीवरचा मजकूर नष्ट करणारा घातक कार्यक्रम होता. नावाचा संकेत आणि परिचित मांडणी यांवर लोकांचा जो विश्वास बसला होता, तोच येथे हत्यार म्हणून वापरला गेला.

चोरटे सॉफ्टवेअर वाटणाऱ्या गटांनीही हीच फाइल उचलली, आणि तिचे रूप तेथे पुरते बदलले. नियमांनी जे स्पष्टपणे वर्ज्य केले होते तेच त्यांनी केले: विशेष चिन्हांतून गटाचे नाव नक्षीदार अक्षरांत काढले, चौकटी आखल्या, आणि ४५ अक्षरांच्या पट्टीला चित्रफलक बनवले. गटाची सविस्तर घोषणा ‘एनएफओ’ या शेपटाच्या वेगळ्या फाइलीत असे, तर ‘डिझ’मध्ये नाव, संग्रहाचा क्रमांक व गटाचे चिन्ह. अमिगा संगणकांच्या वर्तुळात तर संग्रह नसलेल्या साध्या मजकूर-फाइलींच्या आतही आरंभ व शेवटाच्या खुणा घालून वर्णन गुंफले जाई. या वर्तुळाचा मूळ व्यवसाय समर्थनीय नव्हता, परंतु अरुंद पट्टीत अक्षरचित्र बसवण्याचे त्यातील काहींचे कौशल्य खरोखर असामान्य होते, आणि शेअरवेअर संपल्यानंतरही ही फाइल जिवंत ठेवली ती मुख्यतः याच मंडळींनी.

१९९० च्या दशकाच्या मध्यानंतर फलकांचा काळ झपाट्याने ओसरला. भारतात मुंबईच्या ‘लाइव्ह वायर’सारखे फलक हौशी मंडळींना याच फाइलसंस्कृतीची ओळख करून देत होते, पण १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केल्यावर येथेही ओघ तिकडे वळला. ‘क्लार्क डेव्हलपमेंट’चे दिवाळे १९९७ मध्ये निघाले. इंटरनेटवरील फाइल-भांडारांना मजकुराच्या १० ओळी पुरेनाशा झाल्या. त्यांना वर्गवारी, किंमत, चालणाऱ्या प्रणाली, निरनिराळ्या लांबीची वर्णने आणि पत्ते हवे होते. शेअरवेअर लेखकांच्या त्याच संघटनेने १९९८ मध्ये ‘पॅड’ ही यंत्राला वाचता येणारी सविस्तर वर्णनपद्धती आणली, आणि वर्णन पुन्हा संग्रहाबाहेर, लेखकाच्या संकेतस्थळावर जाऊन बसले. ही संघटना २०२१ च्या अखेरीस विसर्जित झाली.

वर्णन-फाइलींची खरी कसोटी त्यानंतर लागली. फलकांची बहुतेक यंत्रे भंगारात गेली आणि त्यांच्या याद्याही त्यांच्याबरोबर गेल्या, परंतु १९९०च्या दशकात ‘वॉलनट क्रीक’सारख्या कंपन्यांनी शेअरवेअरने भरलेल्या सीडी-रॉम मोठ्या प्रमाणावर काढल्या होत्या आणि त्या टिकल्या. जेसन स्कॉट यांनी १९९८ मध्ये फलकांवरील मजकूर जतन करणारे संकेतस्थळ सुरू केले आणि पुढे अशा सीडींचेही संग्रहण हाती घेतले. इंटरनेट अर्काइव्हमध्येही अशा सीडींचे मोठे दालन आहे. अशा एका सीडीवर आठ अक्षरी नावांचे हजारो संग्रह असतात, आणि त्यांतील कित्येकांचे लेखक आज हयात वा उपलब्ध नाहीत. सीडीवरची मूळ सूची हरवलेली वा त्रोटक असली, तरी साधा संगणक-आदेश देऊन प्रत्येक संग्रहातील ‘फाइल_आयडी.डिझ’ बाहेर काढता येते आणि काही मिनिटांत नवी सूची तयार होते. ज्या संग्रहांत ती फाइल नाही, त्यांना मात्र आजही एकेक करून, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमात उघडून पाहावे लागते.